पूर्वज्ञान आणि अध्ययन : ग्वाल्हेरच्या संदर्भात

डी.एड., बी.एड.च्या प्रत्येक छात्राध्यापकाने पाठाच्या टाचणात ‘पूर्वज्ञान’ हा रकाना भरलेला असतो. बहुधा तेथे एकच ओळ येते : विद्यार्थ्यांना अमुक घटकाची माहिती आहे. ती माहिती खरोखर आहे की नाही, असल्यास कोणत्या स्वरूपात, हे तपासण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. वास्तविक हा रकाना म्हणजे जर्मन विचारवंत हर्बार्ट याच्या शिकवणुकीचा वारसा होय. नवा विचार मनातील जुन्या विचारांत सामावला गेला तरच तो समजतो, हे त्याचे प्रतिपादन. त्याच्या अनुयायांनी त्यातून ‘पंचपदी’ बनवली व पुढे तिचा साचा झाला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यानेही 1968 मधील आपल्या ग्रंथात, विद्यार्थ्याला आधीपासून काय येते हाच अध्ययनावर सर्वाधिक परिणाम करणारा घटक मानला आहे.

ग्वाल्हेरच्या संगीतपरंपरेत या तत्त्वाचे एक बोलके उदाहरण सापडते. शिंद्यांच्या दरबारी बडे महंमद खाँ हे तानांसाठी नावाजलेले गवई होते. ते आपली विद्या सहसा कोणाला देत नसत. तेव्हा हस्सू खाँ व हद्दू खाँ या तरुण बंधूंनी महाराजांच्या अनुमतीने पडद्याआड बसून त्यांचे गाणे काही महिने ऐकले आणि ते हुबेहूब आत्मसात केले, असे परंपरा सांगते. कथेतील तपशील कमी-अधिक असेल, पण तिच्यातील मर्म महत्त्वाचे आहे. तेच गाणे दरबारातील हुजऱ्यांनी व चोपदारांनीही रोज ऐकले असणार; त्यांच्यापैकी कोणी गवई झाला नाही. या बंधूंना आजोबा नत्थन पीरबक्ष यांची तालीम मिळालेली होती. राग, लय, ख्यालाची मांडणी त्यांच्या अंगात मुरलेली असल्याने, नवे ते काय एवढेच त्यांना टिपायचे होते. पुढे हस्सू खाँ यांच्याकडून वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर असा हा प्रवाह महाराष्ट्रात आला आणि बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले.

मनाची कार्यकारी स्मृती एका वेळी थोड्याच गोष्टी धरू शकते. जाणकाराला पंचवीस सुटे स्वर ऐकू येत नाहीत, एक ओळखीची तान ऐकू येते. म्हणून त्याच्यावरील भार हलका होतो. चेस आणि सायमन यांनी 1973 मध्ये बुद्धिबळपटूंबाबत हेच दाखवले. खऱ्या डावातील मांडणी उस्तादाला क्षणभर पाहून आठवे. तीच मोहरी वाटेल तशी मांडली की त्याची ही सरशी जवळजवळ नाहीशी होई. म्हणजे स्मरणशक्ती असामान्य नव्हती, ज्ञान होते.

आता लष्कर भागातील टोपी बाजाराकडे वळू. आज तेथे काय विकले जाते हा मुद्दा बाजूला ठेवला, तरी नावावरून एक उदाहरण सुचते. टोपीच्या दुकानात बसणारा मुलगा टेपने डोक्याचा घेर मोजतो, डझनाच्या भावावरून नगाचा भाव काढतो, घासाघीस झाल्यावर किती सूट परवडेल हे जाणतो. परीघ, एकमान पद्धत आणि शेकडेवारी हे तिन्ही घटक त्याच्या हाताखालून गेलेले असतात. तरीही शाळेत तोच गणितात ‘कच्चा’ ठरू शकतो.

ही केवळ कल्पना नव्हे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या 5 मुलांचा अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. धंद्यातील सुमारे 98 टक्के हिशेब त्यांनी बरोबर केले. तेच हिशेब निव्वळ अंकांत लिहून दिले तेव्हा प्रमाण सुमारे 37 टक्क्यांवर आले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी 2025 मध्ये कोलकाता व दिल्लीच्या बाजारांतील मुलांविषयी असाच निष्कर्ष मांडला. शिवाय जी मुले केवळ शाळेत शिकत होती त्यांना बाजारातले हिशेब झटपट जमत नव्हते. दोन्हीकडे ज्ञान होते, पण दोहोंना जोडणारा पूल नव्हता. हस्सू-हद्दूंचे जुने ज्ञान आणि नवे गाणे एकाच भाषेत होते; बाजारातील मुलाला मात्र आपला ‘घेर’ म्हणजेच पुस्तकातला ‘परीघ’ हे कोणी सांगितलेले नसते. घरी मराठी किंवा उर्दू आणि पुस्तकात संस्कृतप्रचुर हिंदी असेल तर हे अंतर आणखी वाढते. अशा मुलाला मंद ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि अनेकदा त्याची शाळा सुटण्याचे तेच एक कारण होऊन बसते.

पूर्वज्ञान नेहमीच साहाय्यक असते असेही नाही. भागाकाराने संख्या लहानच होते, हा पूर्णांकांतून आलेला समज अर्ध्याने भागताना आडवा येतो. म्हणून पाठाच्या आरंभी पाच मिनिटे विचारपूस हवी, आणि प्रश्न ‘माहीत आहे का?’ असा नसावा, कारण त्याला वर्ग एकमुखाने ‘हो’ म्हणतो. ‘डझनाला 540 रुपये, तर 7 नगांचे किती, आणि कसे काढले?’ असे विचारावे. मुलगा तोंडी जी रीत सांगेल ती फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहावी आणि तिच्या शेजारी पुस्तकातील मांडणी करावी.