औंढ्याचा सेकंद : ६ कोटी ७१ लाख ठोक्यांचा

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला लोक जातात ते आठव्या ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला. त्याच तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा आकार घेते आहे. केंद्र सरकारने तिला १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः आणि ६ एप्रिल २०२३ रोजी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह पूर्ण मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोनात असलेल्या ४-४ किलोमीटरच्या भुजा, त्यांतली निर्वात पोकळी, लेसर, टांगलेले आरसे यांचं वर्णन वर्तमानपत्रांतून भरपूर झालं. अशा वेधशाळेतल्या घड्याळाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. त्या घड्याळाचं काम चालतं ते आयटीआयची मुलं पहिल्याच वर्षी जोडून बघतात त्या काउंटरच्या तत्त्वावर.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये वेळ राखायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे काहीतरी भरेपर्यंत थांबणं, आणि दुसरा म्हणजे ठोके मोजणं.

पहिला मार्ग इथल्या शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. रात्री-बेरात्री लाइट येते, तेव्हा विहिरीवर कोणी नसतं. म्हणून पंपाच्या स्टार्टरला ‘ऑटो’ बसवलेला असतो. लाइट आल्याआल्या तो मोटर ओढत नाही, दाब स्थिरावायला काही सेकंद देतो आणि मग सुरू करतो. असा थांबा देण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली गेलेली आयसी म्हणजे ५५५. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये तिचा आराखडा केला आणि सिग्नेटिक्स कंपनीने १९७२ मध्ये ती बाजारात आणली. तिला बाहेरून एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर जोडायचा. कपॅसिटर हळूहळू भरत जातो. पुरवठ्याच्या व्होल्टेजच्या दोन तृतीयांशाला पोचला की आतला तुलनाकारक फ्लिप-फ्लॉप ही दोनच अवस्था असलेली जोडणी उलटवतो, थांबा संपतो आणि एक ट्रान्झिस्टर कपॅसिटर रिकामा करून टाकतो. १० लाख ओहम आणि १० मायक्रोफॅरड घेतले तर थांबा ११ सेकंदांचा. यातली खुबी अशी, की पुरवठा कमी-जास्त झाला तर दोन तृतीयांशाची रेघही त्याबरोबर सरकते, म्हणून वेळ जवळपास तेवढीच राहते. ज्यांच्याकडे लाइटचा भरवसा नाही त्यांच्यासाठी ही सोय फारच मोलाची.

पण कपॅसिटरचा मात्र भरवसा धरता येत नाही. साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेल्या आकड्यात २० टक्क्यांचा फरक चालवून घेतात. म्हणजे ११ सेकंदांचे ९ होतील किंवा १३. शिवाय मे महिन्याचं ऊन आहेच. पंपाला हे चालतं, वेधशाळेला चालत नाही.

म्हणून दुसरा मार्ग. क्वार्ट्झचा स्फटिक अतिशय नियमित कंप पावतो; त्याचे ठोके मोजायचे. मोजणारा घटक म्हणजे तोच फ्लिप-फ्लॉप. दर ठोक्याला तो पालथा होतो, म्हणून दोन ठोके आत गेले की बाहेर एक येतो. असे चार ओळीने जोडले की ७४९३ सारखी १६ पर्यंत मोजणारी आयसी होते, आणि चौदा जोडले की ४०६०. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंप पावतो, कारण २ चा पंधरावा घात तेवढाच येतो; पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक सेकंद हाती येतो. ४०६० मधून तो घेतला तर अर्ध्या सेकंदावरच अडतं, आणखी एक फ्लिप-फ्लॉप जोडावा लागतो. शिकणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते.

साखळीने जोडलेल्या काउंटरमध्ये एक खोट असते. ७ वरून ८ वर जाताना, म्हणजे ०१११ चं १००० होताना, पहिला फ्लिप-फ्लॉप पालथा झाल्यावर दुसरा हलतो, मग तिसरा, मग चौथा. मोटारसायकलच्या मीटरवर ०९९९ चे १००० होताना चाकं अर्धवट फिरलेली दिसतात, तसं. त्या काही नॅनोसेकंदांत कोणी आकडा वाचला तर त्याला ०११०, ०१००, ०००० असं काहीबाही दिसेल. दिवा लुकलुकवायला याने बिघडत नाही. जिथे बिघडतं तिथे समकालिक काउंटर वापरतात: ठोका सगळ्यांना एकदमच मिळतो आणि खालचे सगळे अंक १ असतील तरच वरचा पालथा होतो.

आता लायगोकडे. औंढ्याची वेधशाळा ज्यांच्या धर्तीवर होते आहे, त्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांच्या कालव्यवस्थेतले स्फटिक सेकंदाला ६,७१,०८,८६४ ठोके देतात. आकडा ओबडधोबड वाटतो, पण तो २ चा सव्विसावा घात आहे. दहा वेळा निम्मा केला की ६५,५३६ उरतात, आणि त्या गतीने उपकरणांचे संदेश आकड्यांत उतरवले जातात. आणखी दोनदा निम्मा केला की १६,३८४ नमुने, नोंदींची नेहमीची गती. सव्विसाव्या पायरीला नेमका एक सेकंद. भागाकारात कुठेच बाकी उरत नाही. जीपीएस उपग्रहांकडून दर सेकंदाला येणाऱ्या खुणेशी हे मोजमाप ताडून बघतात आणि स्फटिक पुढे-मागे झाला असेल तर त्याला व्होल्टेजने किंचित ओढून जागेवर आणतात. यातले काउंटर सुट्या आयसींचे नसतात, ते एकाच प्रोग्राम करता येणाऱ्या चिपमध्ये मांडलेले असतात. फ्लिप-फ्लॉपची रीत तीच.

एवढा काटेकोरपणा लागतो तो लहरीची दिशा ठरवायला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर अमेरिकेतल्या लायगोच्या दोन केंद्रांपैकी लिव्हिंग्स्टनला आली आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. आकाशात ती कुठून आली याचा मुख्य धागा त्या फरकातच होता. या दोन केंद्रांत प्रकाशाला १० मिलिसेकंदच लागतात. औंढ्याहून लिव्हिंग्स्टन पृथ्वीच्या पोटातून सरळ मोजलं तर ११ हजार किलोमीटरांहून दूर, म्हणजे सुमारे ३८ मिलिसेकंदांवर. अंतर वाढलं की दिशेचा अंदाज तितका नेमका होतो. अट एवढीच की घड्याळं एकमेकांशी एका मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेली हवीत.

ती जुळली आहेत हे तपासायची पद्धत तर अगदी संशयी माणसाने काढावी अशी आहे. मोजणीच्या साखळीत एक मुद्दाम तयार केलेला संदेशही सोडतात: सेकंदाला ९६० आणि ९६१ कंपनांचे दोन सूर एकत्र. दोघांत एकाचाच फरक, म्हणून त्यांची जोडी सेकंदातून एकदाच त्याच स्थितीत येते. नोंदींमध्ये ती जागा शोधली, की नमुना नक्की केव्हा घेतला गेला हे घड्याळावर विसंबून न राहता खुद्द नोंदीतूनच कळतं.