इन्फ्रारेड सौना : स्वेदनाच्या कसोटीवर

मोठ्या शहरांतील 'वेलनेस स्टुडिओं'त आता इन्फ्रारेड सौना उपलब्ध आहे. "वैद्यराज, हे स्वेदनच ना?" असा प्रश्न रुग्ण चिकित्सालयात आणि औषधांच्या दुकानातही विचारतात. त्याचे उत्तर शास्त्राधारे देता यावे, हा या लेखाचा हेतू आहे.

फिनलंडच्या पारंपरिक सौनात हवा सुमारे ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. इन्फ्रारेड पेटीत ती साधारणतः ४५ ते ६० अंश असते. तापलेल्या पट्ट्यांतून निघणारे अवरक्त किरण शरीरास थेट उष्णता देतात. यांतील दीर्घ तरंगलांबीचे किरण त्वचेच्या वरच्या थरातच शोषले जातात व पुढे उष्णता रक्ताबरोबर सर्वांगात पसरते. म्हणून 'किरण खोलवर शिरून विषे बाहेर काढतात' ही जाहिरात ग्राह्य नाही. घाम म्हणजे मुख्यतः पाणी व लवण होय.

ही कल्पना आपणांस अपरिचित नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात वर्णिलेल्या तेरा साग्नि स्वेदांपैकी जेन्ताकात वर्तुळाकार गृहाच्या मध्यभागी निर्धूम अंगारांची भट्टी असते. अंगारांची धग हीदेखील बव्हंशी अवरक्त किरणांचीच असते. तेव्हा भेद उष्णतेच्या जातीचा नसून विधीचा आहे.

प्रस्तुत लेखकाने एका केंद्रात तीन सत्रे घेतली. घाम सावकाश सुटला, अंग हलके झाले. मात्र पूर्वी स्नेहन नव्हते, चालू औषधांची चौकशी नव्हती आणि सत्र घड्याळावर संपत होते. शास्त्रात स्वेदन थांबवावयाचे ते लक्षणांवरून : शैत्य व शूल यांचा उपशम, स्तंभ व गौरव यांचा निग्रह, मार्दव आणि स्वेदोत्पत्ती. दाह, तृष्णा, मूर्च्छा ही अतिस्वेदाची चिन्हे होत. सत्रानंतर लगेच थंड फवारा घेण्याची सूचना तेथे होती. जेन्ताकात मात्र बाहेर आल्यावर लगेच शीतोदकस्पर्श निषिद्ध असून मुहूर्तभर विश्रांतीनंतर कोष्ण जलाने स्नान सांगितले आहे. जपानमधील 'वाओन' उपचारातही ६० अंशांच्या पेटीत १५ मिनिटे बसवून पुढे ३० मिनिटे पांघरुणात विश्रांती देतात. हृद्रोगावरील हा उपचार वैद्यकीय देखरेखीखाली होतो. तरीही २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत मुख्य निकषावर दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

स्नेहरहित असल्याने हा रूक्ष स्वेद समजावा. कफप्रधान वा साम अवस्थेत तो उपयुक्त ठरू शकेल; केवळ वातज विकारांत स्निग्ध स्वेदच योजावा. गर्भिणी, रक्तपित्ती, पित्तप्रकृती, मद्यपी, मधुमेही, अतिसारी यांना स्वेदन वर्ज्यच आहे. यंत्र बदलले म्हणून निषेध बदलत नाही.

औषधविक्रेत्यांनीही दक्ष राहावे. मूत्रल व रक्तदाबशामक औषधे घेणाऱ्यास घामामुळे भोवळ येण्याचा संभव असतो. फेंटानिलसारख्या औषधाची पट्टी त्वचेवर असल्यास उष्णतेने त्याचे शोषण वाढून प्राणास धोका होऊ शकतो. अशा ग्राहकाने सौनाचा विषय काढल्यास त्यास प्रथम चिकित्सकाकडे पाठवावे.

रुग्णास सौनाची अनुज्ञा द्यावयाची झाल्यास बल, ऋतू व व्याधी पाहून कालमर्यादा लिहून द्यावी आणि पहिल्या सत्रानंतर त्यास पुन्हा तपासावे.