घर एक, शाळा दोन

‘थोरलीचा लॉटरीत नंबर लागला, धाकट्याचा नाही लागला.’ वसई-विरार पट्ट्यात एका घरातली भावंडं वेगवेगळ्या शाळांत का जातात, याचं निम्मं उत्तर एवढ्यात आलं. आईबापांनी डावं-उजवं केलं, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण इथे पुष्कळदा पोर कुठल्या साली सहा वर्षांचं झालं आणि तेव्हा बिऱ्हाड कुठे होतं, यावर त्याची शाळा ठरते.

ही लॉटरी म्हणजे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातल्या 25 टक्के जागांची सोडत. खासगी विनाअनुदानित शाळेत नंबर लागला की आठवीपर्यंत फी माफ. अर्ज प्रत्येक मुलाचा वेगळा, नशीबही वेगळं. दुर्बल घटकातून भरायचा तर उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा दाखला हवा आणि भाडेकरूला नोंदणीकृत भाडेकरार. खरी गोम इथे आहे. नालासोपाऱ्यात अकरा महिने भरले की बिऱ्हाड आचोळ्याहून तुळींजला, तिथून विरारला. घरमालक करार नोंदवायला कां-कूं करतो. ऑनलाइन अर्जात घराची खूण नकाशावर करायची, आणि एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी. थोरलीच्या वेळी घरामागे असलेली शाळा धाकट्याच्या वेळी रुळांच्या पलीकडे गेलेली असते.

त्यात 2024 साल आलं. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट, अशी अधिसूचना राज्याने 9 फेब्रुवारीला काढली. उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली, 19 जुलैला ती रद्दच केली. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. त्या वर्षी पहिलीत जाणाऱ्याच्या घरी थांबायचं की मिळेल तिथे नाव घालायचं, हा घोर लागला. कायदा पालकांच्या बाजूने निघाला, वेळ निघाली नाही.

नंबर न लागलेल्याला जिल्हा परिषदेची शाळा. महापालिका 3 जुलै 2009 ला झाली, तरी इथल्या प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. आधी ठाणे, 2014 पासून पालघर. 2011 च्या जनगणनेतच 12 लाखांवर गेलेल्या शहराची मुलं अशी ग्रामीण कारभाराखालच्या शाळेत बसतात. पुस्तकं फुकट, दुपारी खिचडी, घरापासून चालत पाच मिनिटं. हे काही थोडं नाही. थोरलीची फी माफ असली तरी व्हॅनवाल्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला मोजावे लागतात. पालक सभा दोघांची एकाच शनिवारी आली, की आईने कुठे जायचं?

वसईच्या पश्चिमेकडच्या गावांत कारण वेगळं. गास, निर्मळ, नंदाखाल इथल्या ख्रिस्ती समाजाची प्रार्थना मराठीत, शाळाही पिढ्यान् पिढ्या मराठी. उस्मानाबादच्या 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचेच. पण 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यानंतर नव्या इंग्रजी शाळांना दार उघडलं. मग थोरला मराठी शाळेतून दहावी आणि शेंडेफळ टाय लावून केजीत, अशी घरं दिसू लागली. इथे कुणाला डावललं असं मी म्हणणार नाही. मधल्या दहा वर्षांत घरात पैसा आला आणि गावात हवा बदलली.

मुलगा फीच्या शाळेत आणि मुलगी फुकटच्या, हे मात्र लॉटरीच्या माथी मारता येत नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या 2019 च्या पाहणीत देशातल्या 26 जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात सहा ते आठ वयाच्या 61 टक्के मुली सरकारी शाळांत होत्या, मुलगे 52 टक्के. पालघर त्यात नव्हता. तरीही ‘तिला काय, बारावीपर्यंत फुकटच आहे’ हे वाक्य आपल्याकडेही ऐकू येतं. मुलींनी शाळा सोडू नये म्हणून दिलेली ही सवलत, आणि वाचलेले पैसे भावाच्या फीत जातात.