फुगली रे फुगली!

बालमित्रांनो, एक गंमत करून पाहा. घरात जे कुणी भाकरी करत असेल त्यांना विचारा, "पिठात पाणी किती घालायचं?" उत्तर येईल, "लागेल तेवढं!" मग विचारा, "मळायचं किती?" उत्तर, "होईस्तोवर!" झालं! आता या 'लागेल तेवढं'चं करायचं काय?

माझी आजी सोलापूरकडची. ती परातीत ज्वारीची भाकरी थापायची आणि मी शेजारी पाटावर बसून गरम पापुद्रा मटकावायचो. ती करतात कशी, हे मात्र मी एकदाही विचारलं नाही. मुलांना काय करायचंय भाकरीशी, असं वाटायचं ना! पुढे आजी गेली. मी शिकायला परगावी खोली घेऊन राहिलो आणि एके दिवशी भाकरीची फार आठवण आली. पीठ आणलं, पोळीच्या कणकेसारखं गार पाण्यात भिजवलं आणि थापायला बसलो. चौथ्या थापेला कडा फाटल्या. उचलायला गेलो, तर अर्धी भाकरी हातात आणि अर्धी परातीत!

असं का झालं? गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं, की त्यातल्या प्रथिनांची रबरासारखी ताणणारी जाळी तयार होते. तिला ग्लुटेन म्हणतात. ज्वारीत ग्लुटेन नसतं. मग पीठ धरून ठेवणार कोण? तर स्टार्च! पतंग चिकटवायची खळ आठवते? पीठ पाण्यात शिजवलं की चिकट होतं. तसंच उकळतं पाणी पडलं, की ज्वारीतल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि पिठाला चिकटपणा येतो. या चिकटपणाला 'विरी' म्हणतात. फार दिवसांच्या पिठाची विरी जाते, म्हणून पीठ ताजं घ्यावं.

चला, आता करू या. पण गॅस आणि उकळतं पाणी आहे, तेव्हा मोठं माणूस शेजारी हवंच, बरं का!

वाटीभर पिठात मध्यम आकाराच्या दोन भाकऱ्या होतात. पाऊण वाटी पाणी उकळून थोडं थोडं पिठात ओता आणि चमच्याने कालवा. हात घालायची घाई नको! पाच मिनिटं झाकून ठेवा. मग तळहाताच्या टाचेने रगडून मळा. कोरडं वाटलं तर पाण्याचा हात लावा. गोळा मऊ झाला आणि दाबल्यावर कडेला चिरा पडल्या नाहीत, की जमलं.

परातीत कोरडं पीठ पसरा. त्यावर गोळा ठेवून बोटांनी हलके हलके थापा. थापता थापता भाकरी आपोआप फिरली पाहिजे. फिरत नसेल तर खाली पीठ कमी पडलंय. आता दोन्ही हातांनी उचलून तापलेल्या तव्यावर अशी टाका, की पिठाची बाजू वर येईल. त्या बाजूवर लगेच पाण्याचा हात फिरवा. कोरडं पीठ तसंच राहिलं तर भाकरी पांढरी पडते आणि तडकते. पाणी सुकत आलं की उलटा. ही बाजू नीट भाजली, की तवा उतरवून पहिली बाजू आचेवर धरा. आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती भाकरीचे दोन पदर वेगळे करते. फुगली रे फुगली! कुठे भोक पडलं असेल, तर मात्र वाफ पळाली आणि भाकरी रुसली म्हणून समजा.

तुमच्या घरची भाकरी ज्वारीचीच असेल असं नाही. कोकणात ती तांदळाची असते, खानदेशात ज्वारी-उडदाच्या कळण्याची, आणि भोगीला तीळ लावलेली बाजरीची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळालं आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. पाहा, आपली भाकरी कुठवर पोहोचली!

आणि माझ्या भाकरीचं काय झालं? शेजारच्या काकूंनी माझी फजिती पाहिली. त्यांनीही माप सांगितलं नाही. माझा हात धरून पिठात घातला आणि म्हणाल्या, "हाताला असं लागलं पाहिजे." तेव्हा कुठे 'लागेल तेवढं'चा अर्थ कळला! कितीतरी भाकऱ्या वाया गेल्या, पण एक दिवस टम्म फुगली. ती आजीच्या भाकरीसारखी झाली होती का? ते सांगायला मात्र आजी नव्हती.

तुमच्या घरी सांगणारं कुणी आहे ना? मग या रविवारी त्यांच्याशेजारी परात घेऊन बसा. मुलींनी बसा, मुलांनीही बसा. आई-बाबांनो, सांडलेल्या पिठाकडे जरा काणाडोळा करा! पहिली भाकरी गोल होणार नाही, नकाशा होईल. खुशाल होऊ दे. लोण्याचा गोळा किंवा ठेचा घ्या आणि नकाशा फस्त करा!