फ्यूज कुठे आहे?

मे महिन्यात झाशीत दुपारी बोनेटच्या पत्र्याला हात लावला तर चटकाच बसतो. म्हणून कानपूर रस्त्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियननं आम्हाला सकाळी सातलाच बोलावलं होतं. गाडी माझ्या पुतण्याची. पेट्रोल टर्बो हॅचबॅक, इंजिन रिमॅप केलेलं, एक्झॉस्ट मोकळा, डिकीत वूफर आणि अँप्लिफायर, पुढे १०० वॉटचे दिवे. आठवड्यापूर्वी डॅशबोर्डमागून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला होता. "काका, गेला तो वास," असं तो म्हणत राहिला. वास गेला म्हणजे कारण गेलं, हे मला पटेना.

त्या इलेक्ट्रिशियन उस्तादांनी इंजिन चालू करायलाही सांगितलं नाही. एकच प्रश्न, "अँप्लिफायर का फ्यूज कहाँ है?"

पुतण्यानं डिकी उघडून अँप्लिफायरशेजारचा फ्यूज दाखवला. उस्तादांनी मान हलवली. बॅटरी पुढे, अँप्लिफायर मागे आणि मध्ये चारेक मीटर लांबीची जाड वायर गालिच्याखालून गेलेली. ती वाटेत कुठेही सोलपटून बॉडीला टेकली, तर मागचा फ्यूज काय करणार? बॅटरीची सगळी ताकद त्याच्या अलीकडेच पत्र्यात उतरेल. फ्यूज वायरसाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून दोन वितींच्या आत हवा.

मग त्यांनी बॅटरी सोडवली, टॉर्च घेतला आणि इंजिनामागच्या पत्र्याकडे वाकले. आत वायर न्यायला कुणीतरी ड्रिलनं भोक पाडलं होतं. त्यात रबरी बुश नव्हता. गाडीच्या थरथरीनं पत्र्याची धार वर्षभर वायरवर घासत होती. लाल आवरणाला तिरपी चीर, चिरेतून दिसणारं तांबं आणि पत्र्यावर तांदळाच्या दाण्याएवढा काळा डाग. मी बोट लावलं तर काजळी लागली. पुतण्या बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिला.

दिव्यांचीही तीच गत होती. कंपनीचा बल्ब ६० वॉटचा, दोन मिळून साधारण १० अँपिअर. १०० वॉटचे दोन लावले की प्रवाह १७ अँपिअरच्या घरात जातो. रिले टाकून बॅटरीवरून वेगळी वायर ओढली असती तर प्रश्न नव्हता. इथे मूळच्या बारीक वायरवरच बोजा टाकला होता आणि १५चा फ्यूज सारखा उडतो म्हणून ३०चा बसवला होता. गॅरेजमध्ये हे इतक्या सहज होतं की अंगावर काटा येतो. उडणं हेच ज्याचं काम, त्याचं उडणं बंद केलं की जळायची पाळी वायरवर येते. डॅशबोर्डमागचा वास तिथलाच होता.

पेट्रोलचा भाग मला सगळ्यांत भयानक वाटला. टर्बोच्या वरून जाणारा पेट्रोलचा रबरी पाइप टणक झाला होता, वाकवला की बारीक भेगा दिसत. जुन्या गाड्यांच्या सगळ्याच रबराला वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मानवत नाही. त्यात टर्बोवरचा उष्णतारोधक पत्रा "खडखडतो" म्हणून कुणी काढून ठेवलेला. जोरात पळवलेल्या गाडीचा टर्बो ७००-८०० अंशांपर्यंत तापतो. पेट्रोल तीनशेच्या आतच आपणहून पेट घेतं. वरून थेंब पडायला लागले तर ठिणगीचीही गरज नाही. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही महामार्ग झाशीपाशी एकमेकांना छेदतात. मोकळा रस्ता दिसला की पोरं रात्री गाड्या ताणतात आणि मग थांबतात ती रस्त्याकडेच्या वाळक्या गवतावर, खाली लालभडक एक्झॉस्ट घेऊन.

हात चालू असतानाच उस्तादांनी रुग्णालयाचा विषय काढला. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री इथल्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, दहा बाळं गेली. तेव्हापासून 'थोडासा वास येतो' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते परत पाठवत नाहीत. मी त्यावर काही बोलू शकलो नाही.

कायद्याचं मी पुतण्याला वाटेतच सांगितलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. विमा कंपनीपासून लपवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो तो वेगळाच. त्यानं ते कानाआड केलं होतं. काजळीनं मात्र काम केलं. १०० वॉटचे दिवे त्यानं स्वतः उतरवले.

दुपारपर्यंत भोकात बुश बसला, वायरवर स्लीव्ह चढली, बॅटरीजवळ फ्यूज आला, पाइप आणि क्लिपा नव्या झाल्या, पत्रा जागेवर गेला. रिमॅप काढायला पुढच्या आठवड्यात ग्वाल्हेरला जायचं ठरलं.

राहिला अग्निशामक. तो होता, पण डिकीत, वूफरच्या मागे. उस्तादांनी तो ड्रायव्हरच्या सीटखाली पट्ट्यानं आवळला, काटा हिरव्या पट्टीत आहे ना ते पाहिलं आणि पुतण्याला आत बसवलं. इंजिन बंद, सगळे बाहेर. बोनेटमधून धूर येत असेल तर ते सताड उघडायचं नाही, हवा मिळाली की भडका उडतो. खटका ओढून बोटभर फट ठेवायची आणि तिथूनच मारा करायचा. एवढं सांगून ते म्हणाले, "आता डोळे मिटून काढ." धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो.

पहिल्या खेपेला बेल्टच सुटेना. दुसऱ्या खेपेला नळकांडं सीटच्या रुळात अडकलं. उस्तादांनी पट्टा अर्धी वीत पुढे घेतला. मी मोबाईलवर सेकंद मोजत होतो. चौथ्या खेपेला पुतण्या अग्निशामक हातात घेऊन सहाव्या सेकंदाला बाहेर उभा होता. त्यानं डोळे उघडले आणि पुन्हा आत जाऊन बसला.