रबराचा दगड होतो तेव्हा

आमच्या घरी आजोबांच्या वेळचा चावीचा ग्रामोफोन आहे. हिराबाई बडोदेकरांची तबकडी लावली, की गाणे थोडे आणि खरखर फार! तबकड्या झिजल्या, असे सर्वांनी ठरवून टाकले होते. खरा दोष साउंडबॉक्समधल्या रबराचा निघाला.

सुईची कंपने एका दांडीवाटे अभ्रकाच्या पातळ चकतीपर्यंत जातात आणि चकती हवा हलवते. ही चकती कडेने रबराच्या दोन कड्यांमध्ये अलगद धरलेली असते. रबर मऊ, तोवर चकती मोकळी. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. पण हवेतील प्राणवायू त्यालाही सोडत नाही. वर्षानुवर्षे रबराचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि रबराचा दगड होतो. मग चकती जखडते, आवाज चिरका होतो.

पहिल्या खेपेला मी ब्लेडने रबर उचकटायला गेलो. अभ्रकाचा पापुद्रा सुटला, चकती वाया गेली. आजोबा काही बोलले नाहीत, हेच अधिक लागले.

दुसऱ्या साउंडबॉक्सच्या वेळी शहाणा झालो. आधी चकतीच्या मध्यावरचे मेण काढून तिथला बारीक स्क्रू सोडवला. मग मागचे झाकण उघडून केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा दिली. रबर किंचित नरमले. बांबूच्या चपट्या काडीने मागचे कडे कडेकडून, चकतीवर जोर न देता, तुकड्या-तुकड्याने काढले. चकती उचलून कागदावर ठेवली, मगच पुढचे कडे काढले. धातूला चिकटलेला काळा थर स्पिरिटच्या फडक्याने पुसला. काही साउंडबॉक्स जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात. ते जुने झाले की ठिसूळ होतात, म्हणून तिथे जोर मुळीच नको.

नवी कडी पोकळ, मऊ रबरी नळीची केली. टोके एकमेकांना नुसती भिडवायची, एकावर एक चढवायची नाहीत. स्क्रू सारखे आणि हलकेच आवळायचे; चकती दाबली गेली, तर सारी मेहनत फुकट. शेवटी मध्यावर मेणाचा थेंब.

त्या संध्याकाळी तीच तबकडी लावली. खरखर पुरती गेली नाही, पण तिच्यामागून हिराबाईंचा स्वर स्वच्छ आला. आजोबांनी डोळे मिटले. तबकडी संपल्यावर एवढेच म्हणाले, "पुन्हा चावी दे."