धृपद गाळू नका

म्हैसूर जिल्ह्यातल्या बेट्टदपुराहून बोलतोय. हैदराबादच्या एका श्रोत्याने विचारलंय, ‘मुलांसाठी अभंगांची पुस्तिका छापतोय. धृपदाची खूण आणि पुनरावृत्ती गाळली तर पानं वाचतील. चालेल का?’ माझं उत्तर, नाही. का, ते सांगतो.

आधी साचा पाहू. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण, अक्षरं ६, ६, ६ आणि ४. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. इथल्या सिडिलु मल्लिकार्जुनाच्या डोंगरावर (सिडिलु म्हणजे कडाडणारी वीज) चढताना नमुन्यापुरतं मीच जुळवलेलं हे कडवं:

डोंगराची वाट । चढतो मी हळू ।
पायरीला कळू । लागे श्वास ॥

बोटांवर मोजा. ‘श्वा’ हे जोडाक्षर, पण एकच अक्षर. लघु-गुरूचा हिशेब इथे नाही. तो शार्दूलविक्रीडितासारख्या वृत्तांत. शेवटच्या चरणात दोन अक्षरं कमी, म्हणून गाणारा स्वर लांबवून जागा भरतो. मुलं तिथेच घाई करतात. कवायतीत असं पाऊल आखडलं असतं तर सुभेदारसाहेबांनी सोडलं नसतं!

आता धृपद. छापील गाथेत ॥ध्रु॥ ही खूण बहुधा दुसऱ्या कडव्यापाशी असते. म्हणजे पहिलं कडवं विषय मांडतं, दुसरं मुख्य म्हणणं सांगतं आणि पुढच्या प्रत्येक कडव्यानंतर त्या म्हणण्यावर परत यायचं. पुष्कळ गायक पहिली ओळच घोळवतात, तेही गोड लागतं. पण रचनेचा कणा कुठे आहे ते खूणच दाखवते. आमच्या कन्नड शेजाऱ्यांकडे पुरंदरदासांच्या पदांत पल्लवी सुरुवातीलाच येते. मुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’, दैवत आपलंच, पण मांडणी वेगळी. इथली मराठी मुलं दोन्ही ऐकतात, म्हणून खुणेची गरज त्यांना जास्त.

वायरलेसवर आम्ही संदेश परत म्हणवून घ्यायचो, तो चूक टाळण्यासाठी. धृपदाचं तसं नाही. शब्द तेच राहतात, पण मधल्या कडव्यात दृष्टांत आला की तेच शब्द पुरावा मिळाल्यासारखे वाटतात. तक्रार आली की विनवणीसारखे. एकदाच छापून खूण पुसली, तर मुलाच्या हाती चार सुटी कडवी उरतात.

पानंच वाचवायची असतील तर प्रस्तावना छोटी करा. धृपद पूर्ण एकदा छापा, पुढे प्रत्येक कडव्याखाली त्याचे पहिले दोन शब्द द्या. पुढच्या भागात साडेतीन चरणांची ओवी घेऊ.